तिसरी चौकट

३. कधी (रिकामी)

“तुम्ही शोधताय, का नुसतं शोधल्यासारखं करताय?” पंपवाल्याने काउंटरच्या पलीकडून विचारलं.

कारकून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात कोपरापर्यंत हात घालून उकिडवा बसला होता. कागद त्याच्या बोटांना मघाशीच लागला होता. चौदा वर्षं तो तिथेच होता, त्याच जाड पाकिटात, उजव्या कडेला. डोळे बांधून काढायला सांगितला असता तरी त्याने काढला असता.

“जुनं आहे ना, अण्णा. वेळ लागतो.”

“अण्णा? पत्रात तर मला ‘महोदय’ लिहिता.”

“पत्र छापील असतं.”

“तरीच. मी म्हटलं, एवढा मान आपल्याला घरातसुद्धा कुणी देत नाही.”

दोघांनी एकमेकांना आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. फाटकावरच्या वहीत पंपवाल्याने नाव लिहिलं, शिपाई ती वही आत घेऊन आला, आणि कारकुनाने नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. निळी शाई, प्रत्येक अक्षर स्क्रूसारखं पिळून बसवलेलं. मग बाहेर बघितलं तर एक उंच, वाळका म्हातारा. कारकुनाने इतकी वर्षं तो ठेंगणा असेल असं का धरलं होतं कुणास ठाऊक.

“परवा तुम्ही कुलूप लावणार,” पंपवाला म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेली नोटीस काढली. शनिवारपासून हा विभाग बंद होत आहे, लोकांनी पाठवलेली भूकंपाची भाकितं यापुढे स्वीकारली जाणार नाहीत, सर्व कागद मुख्य कचेरीच्या गोदामात जातील. ही नोटीस कारकुनानेच एक्केचाळीस लोकांना टाकली होती. आला हा एकटाच. “मग माझ्या कागदाचा निकाल कोण देणार? तुम्ही परवा घरी.”

“हो. माझीही नोकरी परवाच संपते.”

“म्हणून तर आलो. लागलं असेल तर लागलं लिहा, चुकलं असेल तर चुकलं. पण लिहा. चौदा वर्षं ‘विचाराधीन’ घेऊन माणूस कुठे जाणार?”

“आताच एवढी घाई?”

“लेकीने निरोप पाठवलाय.” पंपवाल्याने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. “चौदा वर्षांत तिने मला बाबा म्हणून हाक मारलेली नाही. धक्का बसला, तिची आई गेली, आणि मी गावभर सांगत सुटलो, मला माहीत होतं, मी लिहून दिलं होतं, तारखेसकट. लोक यायचे, हात जोडायचे. लेकीने एकच विचारलं. माहीत होतं, तर आईला घराबाहेर का नाही काढलंत?”

कारकून खणासमोरून उठला नाही.

“आता जावयाच्या तोंडून म्हणते, तो कागद एकदा आणा. खरंच माहीत होतं का ते मला कागदावर बघू द्या. मग काय ते बोलू.”

“तुम्हाला काय आठवतं? काय तारीख लिहिली होती?”

“अकराच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस असणार. बसला अकरालाच ना.” त्याने नोटीस खिशात परत ठेवली. “खरं सांगू? त्या दिवसाचं मला सकाळपर्यंतचंच आठवतं. मग एकदम पोस्टाची खिडकी, डिंकाची बाटली, आणि जमीन. मधलं कुणीतरी पुसून नेलंय.”

“मागच्या खोलीत बघून येतो,” कारकून म्हणाला, आणि पाकीट तिथेच ठेवून रिकाम्या हातांनी उठला.

१. कुठे

तीन खोल्या आणि एक तळघर. तळघरात यंत्रं. वरच्या मोठ्या खोलीत पडद्यांवर रेषा हलतात, तिथे शास्त्रज्ञ बसतात. मधल्या, काउंटरच्या मागच्या खोलीत आकडेवाली, म्हणजे झालेल्या धक्क्यांची यादी ठेवणारी बाई. आणि रस्त्याच्या बाजूची ही काउंटरची खोली. इथे एकतीस वर्षं कारकून लोकांची भाकितं घेत बसला.

लोक भाकितं पाठवतातच. कुणाचा गुडघा सांगतो, कुणाचा कुत्रा, कुणाचा ग्रह. एक शिक्षिका ढगांचे फोटो पाठवायची. पूर्वीच्या एका मोठ्या साहेबांनी ठरवलं, हसायचं नाही, नोंदवायचं. त्यांनी फॉर्म छापला. चार चौकटी. कुठे, किती मोठा, कधी, खात्री किती. चारही भरलेल्या असतील तरच नोंद, आणि मुदत संपली की निकाल. लागलं किंवा चुकलं. तिसरा निकाल नाही. ऑफिसात कारकुनाला चौकटकाका म्हणायचे ते यावरूनच.

नुसतं लागणं म्हणजे काही नाही, हेही त्याच साहेबांनी शिकवलं. ‘या वर्षात कुठेतरी छोटा धक्का बसेल’ असं कुणीही सांगावं. बसतोच. म्हणून टेबलावर एक डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, त्यात तीनशे पासष्ट तारखांच्या चिठ्ठ्या. माणसाचा फॉर्म आला की कारकून डोळे मिटून एक चिठ्ठी काढायचा. जागा माणसाची, आकार माणसाचा, दिवसही तितकेच, फक्त सुरुवातीची तारीख डब्याची. मग मुदत संपली की दोघांचा ताळा. एकतीस वर्षांत डब्याने एकाही माणसाला फार पुढे जाऊ दिलं नव्हतं.

“डब्याला ना कान, ना विहीर, ना ग्रह,” आकडेवाली म्हणायची. “नाहीतर काका, तुमच्या आधी त्याला बढती मिळाली असती.”

पंपवाला विहिरी ऐकायचा. आयुष्यभर लोकांचे पंप दुरुस्त केलेले, त्यामुळे गावातल्या तीन विहिरी त्याला आवाजावरून कळत. गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजायचा, पाणी उगाच खाली-वर झालं की फॉर्म भरायचा. एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म. लागली नऊ. डबा, एकशे अठ्ठ्याऐंशी. लागली दहा.

हे कारकुनाने त्याला कधी कळवलं नव्हतं. विचारलं असतं तर कळवलं असतं. पण त्या एकशे अठ्ठ्याऐंशींबद्दल पंपवाला कधी विचारायचाच नाही. तो विचारायचा फक्त त्यांच्या आधीच्या एका फॉर्मबद्दल.

(पाकिटातले सुटे कागद, हाताला लागतील तसे)

महोदय, तिन्ही विहिरींचं पाणी चार गाठी खाली आहे. नवा फॉर्म सोबत. त्या जुन्या फॉर्मचं काय झालं?

महोदय, आपला अर्ज विचाराधीन आहे.

महोदय, आपण लिहिता विचाराधीन. एवढा विचार मी लग्न करतानाही केला नव्हता.

महोदय, आपला अर्ज विचाराधीन आहे.

महोदय, यंदा दोरी बदलली. गाठी त्याच मापाच्या आहेत, काळजी नसावी. जुन्या फॉर्मबद्दल कळवावे.

महोदय, आपला अर्ज.

महोदय, त्या दिवशी दुपारी मी पोस्टात होतो. फॉर्म मिळाला का? ती घरात होती. कृपया पोच द्यावी.

(हे शेवटचं खरं तर पहिलं. पोस्टकार्ड, धक्क्यानंतर दोन महिन्यांनी आलेलं. ‘ती घरात होती’ हे वाक्य फॉर्मच्या दोन वाक्यांमध्ये अडकून राहिलं होतं, जसं एखादं माणूस अडकतं.)

३. कधी (खाडाखोड)

त्या फॉर्ममध्ये पंपवाल्याने पहिल्यांदा सगळं भरलं होतं. कुठे: आमचं गाव. किती मोठा: पाचाच्या वर. खात्री: शंभर टक्के. आणि तिसऱ्या चौकटीत, कधी: लवकरच.

कारकुनाने ‘लवकरच’भोवती लाल पेन्सिलीने गोल केला, खाली आपलं नेहमीचं वाक्य लिहिलं, “लवकरच ही तारीख नव्हे. कृपया पहिला व शेवटचा दिवस लिहावा,” आणि फॉर्म परत पाठवला. महिन्याची तीन तारीख होती.

ते वाक्य मुळात त्याचं नव्हतं. तो एकोणतीस वर्षांचा असताना एका मुलीने वाचनालयाच्या पायरीवर त्याला म्हटलं होतं, लवकरच म्हणजे कधी? लवकरच ही काही तारीख नाही. तो तेव्हा हसला होता. तिने आणखी एक वर्ष वाट पाहिली. वाक्य मात्र उपयोगी पडलं, नोकरीभर.

फॉर्म दहा तारखेला गावात पोचला. अकराला दुपारी दोन चाळीसला धक्का बसला. पाच पूर्णांक सहा. पोस्ट एकमजली होतं, उभं राहिलं. टपालाची थैली आधीच गाडीत चढली होती. सोळा तारखेला तोच फॉर्म कारकुनाच्या टेबलावर परत आला, चारही चौकटी भरून. त्याने तो उघडला, वाचला, नोंदवला. सव्वीसला मुदत संपली. त्याने रजिस्टर समोर घेतलं, निकालाच्या रकान्यात पेन टेकवलं, आणि हात पुढे जाईना.

त्याला तारीख वाचूनच कळलं होतं काय लिहायचं ते. चुकलं. त्यात अवघड काही नव्हतं. अवघड हे होतं की एका माणसाने पोस्टाने कळवलं होतं, धोका आहे, लवकरच, आणि आपण त्याला शब्दात धरलं होतं. तारीख खरी निघाली असती तर तो गोल नुसता लाल पेन्सिलीचा राहिला नसता, आपला गुन्हा ठरला असता. तारीख खोटी, म्हणजे आपण निर्दोष. आणि आपल्याला निर्दोष सोडणारा निकाल आपल्याच हाताने, एका माणसाची बायको गेलेली असताना, लिहायचा, हे त्याला लबाडीचं वाटलं. राहू दे आठवडाभर, त्याने ठरवलं. डोकं शांत झालं की लिहू.

१. कुठे (मागची खोली)

“काका, तो माणूस पाऊण तास उभा आहे,” आकडेवाली म्हणाली.

“बसायला सांगितलंय.”

“बसत नाही. म्हणतो, माणूस बसला की ऑफिसवाले त्याला विसरतात.” तिने चष्मा कपाळावर चढवला. “कागद सापडला ना?”

“हरवला कधी होता.”

“मग?”

“मग काही नाही.” तो तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला. “आठ दिवसांनी चुकलंय.”

“मला माहितेय. तुम्हीच दाखवलं होतंत. आठ दिवस म्हणजे काही वाईट नाही, पण दोनशे वेळा दगड मारला की एखादा झाडाजवळ पडणारच. त्याला काय म्हणायचं, नेम?” तिने आवाज खाली आणला. “द्या की ‘लागलं’ म्हणून. परवा हे सगळं गोदामात. उंदरांशिवाय कोण वाचणार आहे?”

“आत्ता तर म्हणालीस, नेम नाही.”

“ते आकड्यांबद्दल. माणसांबद्दल नाही म्हणाले.”

“लागलं लिहिलं तर त्याला माहीत होतं असं ठरतं. मग लेक दार लावून घेणार, कायमचं. चुकलं लिहिलं तर चौदा वर्षं गावभर सांगितलं ते सगळं पोकळ. आणि मी सुटतो.”

“तुमचं सुटणं एवढं कुणाला पडलंय हो, काका?” ती म्हणाली. तिने ते मऊ आवाजात म्हटलं, पण म्हटलं. “राग मानू नका. पण बाहेर उभा आहे तो. तुम्ही नाही.”

कारकून उठला. एक कारण त्याने तिला सांगितलं नव्हतं. रविवारी मोठ्या बहिणीचा फोन यायचा, जेवलास का, औषध घेतलंस का, इकडेच ये राहायला, एक खोली नुसती पडून आहे. त्याव्यतिरिक्त त्याला नाव घेऊन कुणी काही विचारत नसे. वर्षातून एकदा, धक्क्याच्या महिन्यात, निळ्या अक्षरातलं पोस्टकार्ड यायचं. निकाल दिला असता तर ते आलं नसतं. हे त्याने कधी शब्दांत मांडलं नव्हतं. पण त्या महिन्यात तो टपालवाल्याची सायकल लांबूनच ओळखायचा.

२. किती मोठा

त्याने पाकीट काउंटरवर ठेवलं, शेजारी पाण्याचा ग्लास. पंपवाला पाणी प्यायला आणि त्याने ग्लास कागदापासून लांब सरकवला. कागदाजवळ पाणी ठेवू नये एवढं त्याला कळत होतं.

“एकेक चौकट घेतो,” कारकून म्हणाला. “तशीच पद्धत आहे. पहिली. कुठे. तुमचं गाव. बरोबर.”

“मी नेहमी माझंच गाव लिहितो. दुसऱ्याच्या विहिरीतलं मला काय कळणार?”

“दुसरी. पाचाच्या वर. झाला पाच पूर्णांक सहा. बरोबर.”

पंपवाल्याने मान हलवली. खूश झाल्यासारखी नाही, हिशोब पटल्यासारखी.

“आमचं घर आणि शेजाऱ्याचं घर, मध्ये हातभर बोळ,” तो म्हणाला. “एकाच गवंड्याने बांधलेली. मी पोस्टातून धावत आलो तर त्यांचं उभं. तव्यावरची भाकरीसुद्धा तशीच. आमचं आडवं. ते कुठल्या चौकटीत लिहायचं?”

“त्याला चौकट नाही, अण्णा.”

“नाहीच. मीही शोधली.”

३. कधी

कारकुनाने कागद पाकिटातून काढला, पण तिसऱ्या चौकटीवर तळहात ठेवला.

“आधी मला एक सांगू द्या. हा निकाल मला पहिल्या महिन्यातच माहीत होता. मी लिहिला नाही. लिहिला असता तर परत पाठवल्याचा दोष माझ्यावरून गेला असता. तो असा जाऊ नये असं वाटलं.”

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची शिट्टी बराच वेळ वाजली.

“म्हणजे तुम्ही सुटू नये म्हणून मी अडकलो,” पंपवाला म्हणाला.

“हो.”

“चांगला माणूस आहात तुम्ही. चांगल्या माणसांची ही भीती वाटते मला. वाईट माणसाने लाच मागितली असती, मी दिली असती, आणि कागद घेऊन गेलो असतो.”

कारकुनाने हात उचलला आणि कागद फिरवून पंपवाल्यासमोर धरला.

निळ्या शाईत ‘लवकरच’. भोवती लाल गोल. त्यावरून पेन्सिलीची एक आडवी रेघ. खाली पेन्सिलीनेच, जरा घाईत: १९ ते २५.

पंपवाल्याने ते वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा वाचलं.

“अकरा नाही.”

“नाही.”

“आठ दिवस.”

“आठ दिवस.”

“आठ दिवस म्हणजे जवळपासच की.”

“इथे जवळपास नसतं, अण्णा.”

“मग मला माहीत नव्हतं,” पंपवाला म्हणाला. दुसऱ्याच कुणाची बातमी सांगावी तसं. मग स्वतःशी: “मला माहीत नव्हतं.”

त्याचं बोट त्या आकड्यांवर गेलं आणि टेकायच्या आधी थांबलं.

“हे अक्षर माझं नाही.”

“ते मला कळलं होतं,” कारकून म्हणाला. “तुमचा नऊ असा नसतो. तुम्ही शेपटी आत वळवता. कुणाचं ते मात्र कळलं नाही. वाटलं पोस्टातल्या माणसाकडून लिहून घेतलं असेल.”

“तिचं आहे.”

कागदाच्या उजव्या कडेला एक काळा डाग होता, अंगठ्याएवढा. कारकुनाने तो चौदा वर्षांत कितीदा तरी पाहिला होता, आणि शाईचा समजला होता. पंपवाल्याने त्यावर आपला अंगठा ठेवला. नेमका बसला.

“ग्रीस,” तो म्हणाला. “सकाळपासून पंप उघडून बसलो होतो. हात बरबटलेले. मी म्हटलं, हे बघ, तो साहेब तारीख मागतोय, विहीर काय तारीख सांगते का, काय लिहू? ती म्हणाली, एकोणीस ते पंचवीस लिहा. मी म्हटलं, का? तर म्हणाली, मी बहिणीकडे असेन ना त्या आठवड्यात. घर पडायचंच असेल तर मी नसताना पडू दे, मागचा केर तुम्हीच काढा एकदा.”

तो हसला. हसता हसता त्याने काउंटरची कड पुन्हा धरली.

“मी म्हटलं, तूच लिही, माझे हात खराब आहेत. तिने दुधाच्या वहीची पेन्सिल घेतली. लिहिलं, आणि म्हणाली, आत्ताच जा आणि टाकून या. नाहीतर बसाल इथे लवकरच, लवकरच करत.” त्याने कारकुनाकडे पाहिलं. “मला तर जेवून जायचं होतं.”

आतल्या खोलीत आकडेवालीचा कीबोर्ड मघाशीच थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला, मुद्दाम मोठ्याने.

४. खात्री किती

“चौथ्या चौकटीत तुम्ही शंभर टक्के लिहिलंय,” कारकून म्हणाला, काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

“तेव्हा सगळ्यातच शंभर लिहायचो. आता किती लिहितो?”

“वीस. गेल्या वर्षी एकदा पंधरा.”

“सुधारलो म्हणायचं.” त्याने नाक पुसलं. “चला. लिहा.”

कारकुनाने चौदा वर्षांपूर्वीचं रजिस्टर उघडलं. ते पान शोधायला लागलं नाही, वही तिथेच उघडायची. त्या पानावर सगळे रकाने भरलेले, एका ओळीतला शेवटचा रिकामा. त्याने पेन टेकवलं.

“थांबलात का?” पंपवाल्याने उलट्या बाजूने वाचत विचारलं. “चुकलं तर माझं.”

कारकुनाने लिहिलं. चुकलं. खाली सही, आजची तारीख. शाई वाळेपर्यंत दोघंही तिथेच बघत राहिले.

“नऊ लागली तुमची,” कारकून अचानक म्हणाला. “एकशे अठ्ठ्याऐंशीपैकी नऊ.”

“आणि त्या डब्याची? लोक सांगतात, तुमच्याकडे डबा आहे म्हणून.”

“दहा.”

पंपवाल्याने टेबलावरच्या डब्याकडे आदराने पाहिलं. “तरी बरं, डब्याला लेक नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “हा कागद मला न्यायचाय. तिला तारीख दाखवायला नाही. तारीख मी तोंडाने सांगेन, चुकलं होतं माझं, काही माहीत नव्हतं मला. पण हे अक्षर ती बघेल. आईच्या हातचं घरात काही उरलेलं नाही. सगळं त्या मातीत गेलं.”

नोंदलेला कागद गोदामात जातो. नियमात एकच फट होती. ज्याने लिहिला त्याला, किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला, पावतीवर सही घेऊन देता येतो. कारकुनाने पावतीबुक पुढे सरकवलं, कार्बन नीट बसवला, आणि कागद पाकिटात घालायला वळला. मग पाकीट बदललं. जुन्याची कड फाटली होती.

त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. मागच्या खोलीतून येताना त्याने घाईत लिहिलेली, घरचा पत्ता. पंपवाला सही करत होता, स्क्रू पिळल्यासारखी अक्षरं, सावकाश. कारकुनाने खिशात हात घातला.

“आता विहिरी?” त्याने विचारलं.

“बघणार की. सवय आहे. पण लिहिणार नाही कुणाला.” पंपवाल्याने पेनला टोपण लावून ते नीट पावतीबुकाच्या शेजारी ठेवलं. “विचारायचं होतं ते विचारून झालं. आणखी काय लिहायचं असतं माणसाला?”

“खरंय,” कारकून म्हणाला आणि हात रिकामाच बाहेर काढला.

पोचपावती

खिडकीतून बसथांबा दिसत होता. पंपवाला तिथे उभा होता, बाकावर जागा असून. एक हात छातीवरच्या खिशावर, पाकिटावर, जसं गर्दीत लोक धरतात. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. बस आली, तो चढला, बस गेली.

आकडेवाली दारात येऊन उभी राहिली. “काका, चहा मागवू?”

“माग. मी आलोच, एवढं आवरून.”

ती थोडी थांबली, मग गेली.

त्याने खिशातली चिठ्ठी काढली. फाडावी का ते कळेना, म्हणून डब्याचं झाकण उघडून तारखांमध्ये टाकली. मग पावतीवर शिक्का मारायला पुस्तक पुढे ओढलं. रकाने त्यानेच आखलेले होते. कागदाचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव, सही, लिहिणाऱ्याशी नातं. मागच्या पानांवर नात्याच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, स्वतः, स्वतः, स्वतः. एका ठिकाणी मुलगा.

शेवटच्या ओळीत, निळ्या शाईत, नीट बसवलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: नवरा.

कारकुनाने शिक्का शाईच्या पॅडवर दाबला. मग त्या शब्दावर पडू नये म्हणून जरा कडेला, तिरपा मारला.